पडद्याआडचा बहिष्कार

राज्यकारभार कचेरीतून उठला आणि मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसला. सात-बाराचा उतारा, रहिवासाचा दाखला, निराधार अनुदानाचा अर्ज, वीजबिल, एसटीचे आरक्षण, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकखात्याची पडताळणी, रुग्णालयातील तपासणीची वेळ ही सारी कामे आज हातातल्या काचेवर उरकली जातात. या स्थित्यंतराचा जयघोष सरकारी जाहिरातींतून अहोरात्र चालू आहे. ज्यांना ती काच दिसतच नाही, त्या नागरिकांचे या स्थित्यंतरात काय झाले, याची विचारणा मात्र ना मंत्रालयाने गांभीर्याने केली, ना जिल्हा मुख्यालयांनी, ना बँकांनी. या प्रश्नाचे उत्तर उद्वेगजनक आहे. कार्यालयातील कागदी खिडकी एकेक करून बंद होत आहे आणि डिजिटल दार दृष्टिहीनांसाठी उघडलेलेच नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीत लक्षावधी माणसे ढकलली गेली आहेत. सुरू होणाऱ्या प्रत्येक नव्या योजनेबरोबर ही पोकळी रुंदावत आहे. तिची किंमत केवळ दृष्टिहीनच मोजतील, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

रायगडच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक धार आहे. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि सावित्री या खाड्यांनी हा किनारा जागोजागी तोडला आहे. समोरच्या तीरावर दिसणारे गाव गाठायला तरीची वाट पाहावी लागते किंवा डोंगराला वळसा घालावा लागतो. श्रीवर्धनच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचे, तर दिघी-आगरदांड्याची फेरीबोट पकडून मुरूडमार्गे अलिबागला यायचे, नाहीतर म्हसळा-माणगावचा रस्ता धरायचा. धडधाकट माणसाचाही दिवस त्यात खर्ची पडतो. अंध माणसाचा दिवस तर जातोच, शिवाय सोबतीला येणाऱ्याची मजुरीही बुडते. कर्ती मुले मुंबई-पनवेलला चाकरीला आणि मागे नारळी-पोफळीची वाडी सांभाळणारी म्हातारी माणसे, ही इथल्या कितीतरी घरांची स्थिती आहे. अशा भूभागात इंटरनेटची सर्वाधिक गरज कोणाला होती, तर चालत कचेरी गाठणे ज्याला सर्वाधिक कठीण होते त्याला. व्यवस्थेने नेमके त्यालाच वगळले.

दोष साधनाचा नाही, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर हे तंत्र जुने आणि कसोटीला उतरलेले आहे. ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून ‘एनव्हीडीए’ घडवला आणि तो जगाला विनामूल्य दिला. आयफोनमध्ये २००९ पासून ‘व्हॉइसओव्हर’ आहे, तर गरिबाघरच्या अँड्रॉइड फोनमध्येही ‘टॉकबॅक’ मिळतो. मराठी वाचणारे आवाज उपलब्ध आहेत. संगणकाच्या याच वाचेवर विसंबून अभ्यास केलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील देशातील पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदी रुजू झाल्या. म्हणजे माणूस समर्थ आहे आणि साधनही सज्ज आहे. संकेतस्थळ घडवणाऱ्याने प्रत्येक बटनाला, रकान्याला आणि चित्राला संगणकाला कळेल असे नाव द्यावे, एवढीच या साधनाची अट आहे. ते नाव नसेल, तर स्क्रीन रीडर वाचणार काय?

ही अट पाळली नाही म्हणजे काय घडते, ते एकदा जवळून पाहावे. मुरूड तालुक्यातील एखादा दृष्टिहीन तरुण दाखल्यासाठी अर्ज भरायला बसतो. बोट उजवीकडे सरकवले की पुढचा घटक ऐकू यावा, दोनदा टकटक केली की तो उघडावा, ही रीत. तो बोट सरकवतो आणि फोन म्हणतो, ‘बटन’. पुन्हा सरकवतो, पुन्हा ‘बटन’. कोणते बटन अर्ज उघडते आणि कोणते रद्द करते, याचा पत्ता नाही. कशीबशी वाट काढत तो जन्मतारखेपाशी येतो. तेथे तारीख टंकता येत नाही, दिनदर्शिका उघडते आणि ती एकेक महिना मागे नेते. वडिलांचा अर्ज भरत असेल, तर साठीच्या माणसाची जन्मतारीख गाठायला सातशेहून अधिक वेळा तेच बटन दाबावे लागेल. पुढे तालुका निवडावा, तर निवड झाली की नाही हे फोन सांगत नाही. छायाचित्र जोडावे, तर ते जोडले गेल्याची खूण फक्त हिरव्या रंगात उमटते. मग येतो कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरे चित्रात दडवून ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ अशी आज्ञा होते. चित्राला आवाज नाही, आणि पर्यायी ध्वनी असलाच तर इंग्रजीत आणि खरखरीत बुडालेला. या झटापटीत ओटीपीची मुदत टळते. अखेर ‘लाल रंगातील रकाने पुन्हा भरा’ असा संदेश येतो, आणि तो वाचून होईतो सत्र संपुष्टात आलेले असते. डोळस माणसाला चार मिनिटे लागतील असे काम या तरुणाची दुपार गिळते आणि तरीही पुरे होत नाही.

मराठी भाषकाच्या वाट्याला तर दुहेरी अंधार येतो. पृष्ठ मराठीत असूनही त्याची भाषा संगणकाला इंग्रजी म्हणून सांगितलेली असते. मग इंग्रजी आवाज देवनागरीवरून अडखळत जातो किंवा तिला सरळ वगळतो. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टंकलेले जुने दस्तऐवज डोळ्यांना मराठी दिसतात, पण त्यांच्या पोटात रोमन अक्षरांचा निरर्थक गाळ असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. ग्रामपंचायतीची नोटीस, भरतीची जाहिरात, लाभार्थ्यांची यादी हे कागद सही-शिक्क्यानिशी यंत्राखाली घालून त्यांचे छायाचित्र पीडीएफ म्हणून चढवले जाते. त्या चित्रात एकही वाचनीय अक्षर नसते. यादीत आपले नाव आहे की नाही, हे अंध लाभार्थ्याला शेजाऱ्यालाच विचारावे लागते. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याच संकेतस्थळाच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करण्याची तीन बटने मिरवत असतात. ज्याला अक्षर दिसतच नाही, त्याला ते मोठे करून देण्याची ही दानत पाहून थक्क व्हावे लागते.

या दुर्लक्षाचा पहिला घाव पडतो तो व्यक्तीच्या गुप्ततेवर आणि गाठीच्या पैशावर. स्वतः अर्ज भरता येत नाही, म्हणून अंध माणूस सेवा केंद्रात जातो, आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी, प्रसंगी पासवर्डसुद्धा परक्याच्या हाती देतो. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा संदेश बँका रोज पाठवतात. तो सांगितल्याशिवाय ज्याचे एकही काम होत नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर त्या संदेशात नसते. काही अ‍ॅप तर सुरक्षिततेच्या नावाखाली स्क्रीन रीडरलाच संशयित ठरवून अडवतात. चोराला रोखण्यासाठी घरमालकालाच बाहेर काढण्याचा हा प्रकार आहे. उद्या या असहायतेचा गैरफायदा घेऊन कोणाचे अनुदान परस्पर वळवले गेले, कोणाच्या नावावर कर्ज निघाले, तर दोष ‘निष्काळजी खातेदारा’च्या माथी मारला जाईल. खरा निष्काळजीपणा ज्यांनी केला, ते मात्र नव्या अ‍ॅपच्या उद्घाटनाला फीत कापत असतील.

दुसरा घाव कल्याणकारी योजनांच्या मुळावर आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान असो वा अन्य कोणतेही साहाय्य, ज्या माणसासाठी ते आखले, त्याच्या हाती ते पडण्यापूर्वी पडताळणीची चाळण लागते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत पहिल्याच पायरीवर आधार क्रमांकाबरोबर पडताळणी संकेतांक, म्हणजे तोच कॅप्चा, भरण्यास सांगितले गेले. ही योजना राबवणाऱ्या महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे याच किनाऱ्यावरील श्रीवर्धनच्या लोकप्रतिनिधी आहेत. त्यांच्या मतदारसंघातील अंध भगिनीने असा संकेतांक कोणाच्या मदतीवाचून, कसा भरायचा, याचे उत्तर योजना जाहीर होण्याआधी तयार असायला हवे. या योजनेपुरते नव्हे, राज्याच्या प्रत्येक योजनेपुरते. अन्यथा मुदत संपते, लाभार्थी ‘अपात्र’ ठरतो, आणि अर्जच आले नाहीत म्हणून गरज नव्हती, असा निष्कर्ष आकडेवारीतून काढला जातो. वंचिताला कागदावरूनही पुसून टाकणारी ही पद्धत आहे.

तिसरा घाव शिक्षण आणि रोजगार यांवर. दिव्यांगांना शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण कायद्याने दिले आहे, आणि नोकऱ्यांतील त्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टींसाठी आहे. पण अर्जच ऑनलाइन, प्रवेशपत्र ऑनलाइन आणि पसंतीक्रमही ऑनलाइन असेल आणि ते भरणे अंध उमेदवाराला अशक्य असेल, तर ते आरक्षण भिंतीवर टांगलेल्या तसबिरीच्या मोलाचे उरते. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’पासून सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांच्या साधनकेंद्रापर्यंत अनेक संस्थांनी दशकानुदशके खपून अंध विद्यार्थ्याच्या हाती ब्रेल दिली, संगणक दिला, आत्मविश्वास दिला. त्या साऱ्या पुण्याईवर एका बेफिकीर अर्जामुळे पाणी फिरते. शिकलेला अंध तरुण बेकार बसला, तर वाया जाते ती समाजाने त्याच्यावर केलेली गुंतवणूक, आणि वाढते ती त्याला आयुष्यभर पोसण्याची जबाबदारी. हा साधा हिशेब अर्थखात्याला तरी कळावा.

चौथा घाव थेट जिवावरचा आहे, आणि समुद्राकाठच्या जिल्ह्याने तो विसरणे आत्मघात ठरेल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हा किनारा झोडपून काढला. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली, वीज आणि संपर्क तुटला. पूर्वी बंदरावर बावटा चढला की कोळीवाड्यात हाळी पडे आणि ती आंधळ्या म्हाताऱ्याच्या कानीही जाई. आता इशारा येतो तो फोनवर फिरणाऱ्या नकाशाच्या चित्रातून. जिल्हा पिवळा आहे, नारिंगी आहे की लाल, यावर सारे अवलंबून असते. आणि सोबत मजकूर नसेल, तर स्क्रीन रीडर त्या चित्राला केवळ ‘चित्र’ म्हणतो. निवारा केंद्रांची यादी छायाचित्रात, मदत क्रमांक छायाचित्रात, बंद रस्त्यांची माहितीही छायाचित्रात. घरात दुसरे कोणी नसलेल्या अंध माणसाला लाल इशारा आणि सणाच्या शुभेच्छा यांतील फरक कळू नये, अशी ही व्यवस्था आहे. पुढचे वादळ येणार की नाही हा प्रश्नच नाही. ते येईल तेव्हा या निष्काळजीपणाला कोणते कलम लावायचे, एवढाच प्रश्न उरेल.

आता कायद्याकडे वळू, कारण अज्ञानाची सबब येथे कोणालाही उपलब्ध नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याचे बंधन त्याच्या कलम ४२ मध्ये आहे. शासकीय असोत वा खासगी, सर्व सेवा पुरवठादारांना कलम ४६ ने नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०१९ च्या जूनमध्येच संपली. संकेतस्थळे व अ‍ॅप यांच्यासाठीचे भारतीय मानक ‘आयएस १७८०२’ मे २०२३ मध्ये नियमांत समाविष्ट झाले. नागपूरचे दृष्टिहीन विधिज्ञ राहुल बजाज यांच्या तक्रारीवर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांनी २०२२ मध्ये ‘प्रॅक्टो’ या खासगी आरोग्यसेवेला आपले व्यासपीठ सुगम करण्यास फर्मावले. म्हणजे ‘आम्ही खासगी, आम्हाला लागू नाही’ ही पळवाटही बुजली.

यानंतर सर्वोच्च न्यायालयाने उरलेसुरले धुकेही दूर केले. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सुगमतेच्या निकषांना केवळ शिफारशीचे स्वरूप देणारा नियम १५ मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखण्याचे आदेश केंद्राला दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी अ‍ॅसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्या. जमशेद पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने निर्णय दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे बजावले. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लववण्याची सक्ती नको, पर्याय द्या. संकेतस्थळांचे नियमित परीक्षण करा. चाचणीत दृष्टिहीनांना सामील करा. फेटाळलेल्या अर्जाकडे माणसाने पुन्हा पाहावे अशी सोय करा. अशा वीस निर्देशांचा हा निर्णय आहे. कायदा झाला, नियम झाले, मानक झाले, निर्णय झाला. झाली नाही ती अंमलबजावणी. पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. ती वापरलीच जाणार नाही, या खात्रीवरच आजची बेपर्वाई उभी आहे.

हक्क कागदावर असणे आणि हक्क हाती असणे यांतील अंतर रायगड जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असावे? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी उचलावे लागले, आणि न्यायालयातील अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले. अस्पृश्यतेचे क्रौर्य आणि दृष्टिहीनांची उपेक्षा यांची जात एक नाही, आणि त्यांची तुलना करणे येथे अभिप्रेतही नाही. पण ठराव करून मोकळे झालेले राज्य आणि प्रत्यक्ष पाण्यापाशी पोहोचू न शकलेला नागरिक हे नाते या मातीने पाहिले आहे. सार्वजनिक सुविधा सर्वांची असते ती सर्वांना वापरता येते म्हणून, हे तत्त्व देशाला शिकवणाऱ्या जिल्ह्यात सार्वजनिक सेवा दृष्टिहीनांना बंद राहावी, ही त्या वारशाची घोर अवहेलना आहे.

जबाबदारी टाळण्याच्या सबबीही आता झिजून गेल्या आहेत. खर्चाची सबब घ्या. अमेरिकेतील ‘वेबएम’ या संस्थेने २०२५ मध्ये जगभरातील दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासली. त्यांतील ९४.८ टक्के पृष्ठांवर सुगमतेचे दोष आढळले, आणि सापडलेल्या दोषांपैकी ९६ टक्के अवघ्या सहा प्रकारांत मोडणारे होते: फिकट अक्षरे, चित्रांना वर्णन नाही, रकान्यांना नाव नाही, दुवे रिकामे, बटने रिकामी, भाषेची नोंद नाही. यांतील एकाही दोषाच्या दुरुस्तीला नवा महाल बांधावा लागत नाही. संगणकीय मजकुरात एकेक ओळ नीट लिहावी लागते. संकेतस्थळ घडवतानाच ती लिहिली, तर खर्च नगण्य असतो. सगळे बांधून झाल्यावर न्यायालयाच्या हुकमाने ती लिहायची वेळ आली, तर पैसाही जातो आणि अब्रूही. जादूच्या कांडीचा शोधही असाच फसवा आहे. संकेतस्थळावर एक तयार पट्टी चिकटवली की ते आपोआप सुगम होते, अशी जाहिरात करणाऱ्या ‘अ‍ॅक्सेसिबी’ या कंपनीवर दिशाभूल केल्याबद्दल दहा लाख डॉलर भरण्याची पाळी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये आणली. आपल्याकडे मात्र अशाच पट्टीला सुगमता समजून देयके मंजूर करण्याचा मोह अजून सुटलेला नाही.

‘अशी माणसे कितीशी असणार?’ हा प्रश्न तर विचारणाऱ्याच्याच अंगावर उलटणारा आहे. २०११ च्या जनगणनेने देशात दृष्टिबाधित म्हणून ५० लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक माणसे नोंदवली. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने पोखरलेले दृष्टिपटल यांपैकी काहीही उद्या कोणाच्याही दारी येऊ शकते. चाळीस वर्षे तरीवर सुकाणू धरलेला माणूस, शाळेत तीन पिढ्या शिकवलेल्या बाई, निवृत्त तलाठी अशी माणसे उतारवयात दृष्टी गमावतात, आणि त्याच वेळी त्यांची पेन्शन, औषधे, जमिनीचे कागद सारे पडद्यावर गेलेले असते. आज ज्यांच्या सहीने असुगम संकेतस्थळे स्वीकारली जात आहेत, त्यांच्याही वृद्धत्वाची तरतूद त्याच सहीने होत आहे. आणि देशातील पहिल्या डिजिटल जनगणनेत नागरिकाने स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय होत असताना अंध नागरिकाला स्वतःची गणतीही स्वतः करता आली नाही, तर ‘कितीशी’ या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्याला कधीच मिळणार नाही.

म्हणून काय करायचे ते आता ठणकावून सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये देशातील पहिला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग उभारल्याचा अभिमान मिरवला. त्या विभागाने राज्याच्या प्रत्येक संकेतस्थळाचे आणि अ‍ॅपचे परीक्षण करून घ्यावे, त्याचा अहवाल जाहीर करावा आणि दोषी खात्यांवर कलम ८९ खाली कारवाई व्हावी यासाठी स्वतः पुढाकार घ्यावा. दृष्टिहीन परीक्षकाने स्क्रीन रीडरवर पूर्ण अर्ज भरून ‘भरता आला’ असे लिहून दिल्याखेरीज कोणत्याही संकेतस्थळाचे देयक अदा होऊ नये. निविदेतच ही अट असली की कंत्राटदारांना सुगमता आपोआप सुचू लागेल. चित्रातला कॅप्चा शासकीय सेवांतून हद्दपार व्हावा. शासन निर्णय, याद्या आणि नोटिसा वाचता येतील अशा युनिकोड मजकुरातच प्रसिद्ध व्हाव्यात. आणि हे सारे होईपर्यंत एकही कागदी खिडकी बंद होता कामा नये.

रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तर पुढच्या पावसाळ्याचीही वाट पाहू नये. आपत्तीचा प्रत्येक इशारा चित्राबरोबर साध्या मराठी मजकुरात आणि ध्वनिसंदेशात निघेल, आणि एकट्या राहणाऱ्या दृष्टिहीनांची गाववार नोंद ठेवून त्यांच्या दारी माणूस पोहोचेल, असा लेखी आदेश काढायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेने दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीचा काही भाग स्मार्टफोन आणि स्क्रीन रीडरच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. वर्षअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून छायाचित्रे काढण्यापेक्षा त्याने कितीतरी अधिक माणसे स्वावलंबी होतील. याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथून बाहेर पडणारा प्रत्येक संगणक अभियंता सुगमतेचे निकष शिकूनच बाहेर पडला पाहिजे, कारण उद्याची बंद किंवा उघडी दारे त्याच्याच हातून घडणार आहेत. बँका, बोट कंपन्या, रुग्णालये, दुकानदारीची अ‍ॅप आणि वृत्तपत्रांची संकेतस्थळे यांपैकी कोणालाही यातून सूट नाही.

हे झाले नाही, तर काय होईल ते पुरेसे स्पष्ट आहे. प्रत्येक नवी सेवा त्याच चुकांवर उभी राहील आणि दुरुस्तीचा डोंगर वाढत जाईल. अंध नागरिक आपले गुपित, आपला पैसा आणि आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती देत राहील. न्यायालयात याचिकांची रांग लागेल आणि दंडाचे पैसे जनतेच्याच तिजोरीतून जातील. एखाद्या वादळात एखादा माणूस केवळ इशारा चित्रात होता म्हणून प्राणाला मुकेल, आणि मग चौकशी समिती नेमली जाईल. त्या समितीला शोधण्यासारखे काही उरलेले नसेल. कारण कायदा कोणता होता, मुदत कधी संपली, न्यायालय काय म्हणाले आणि कोणी काय केले नाही, हे सारे आजच लिहिलेले आहे. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना ते दिसते आहे, आणि दिसत असूनही न करणाऱ्यांना इतिहास असमर्थ म्हणत नाही, अपराधी म्हणतो.